गरम होतंय म्हणून कोट

"बाई, आदी खाली चला. रिलिंगमधी एका बी बाईनं कासोटा घातलेला न्हाय."

सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. मी वेल्फेअर ऑफिसरच्या खुर्चीत बसून चहावरची साय काढत होते. दारात दादू जॉबर उभा. गिरणीत डिपार्टमेंटला खातं म्हणतात आणि खात्यातल्या मुकादमाला जॉबर. दादू एरवी थंड डोक्याचा माणूस, पण आज त्याची टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"मग काय नेसून आल्यात?"

"गोल पातळं. समद्याच्या समद्या. लग्नाला निघाल्यागत. मी मशीन बंद करून आलोय."

मशीन बंद हे शब्द ऐकल्यावर मी कप खाली ठेवला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या बाहेर एका सूतगिरणीत मी नव्याने लागले होते. समाजकार्याची पदवी ताजी होती, लग्न झालेलं नव्हतं आणि आपल्याला माणसं कळतात असा माझा पक्का समज होता. रिलिंग हे आमच्याकडचं बायकांचं खातं. तिथे तयार सूत एका मोठ्या फिरत्या चौकटीवर गुंडाळून त्याच्या लड्या करतात. या लड्या पुढे इचलकरंजीच्या बाजूला रंगाऱ्यांकडे जातात. ही चौकट फिरवणारा लोखंडी दांडा बाईच्या कमरेच्या उंचीला असतो. मी लागायच्या आधी कधीतरी एकीचा पदर त्यात सापडला होता. बाई वाचली, पण तेव्हापासून नियम झाला की रिलिंगमध्ये बायकांनी लुगडं कासोटा घालूनच नेसायचं, पदर खोचायचा. त्याला कुणाचीच हरकत नव्हती. खेड्यातनं येणाऱ्या बायका तशाही कासोटाच घालत.

आता पुढचं सगळं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे गोंधळणार नाही. रिलिंगमधल्या मालनला दिवस गेले होते. दुसरा महिना होता. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं होतं. माहेर नेसरीचं, नवरा फाउंड्रीत, वय माझ्याएवढंच. कासोट्याचं लुगडं कमरेला आवळून गाठ मारल्याशिवाय अंगावर राहत नाही. सैल नेसलं तर चार पावलांत सुटतं; गोल पातळाचं मात्र परकराच्या सैल नाडीवरही भागतं. ती गाठ तिला सहन होत नव्हती. कमरेला काही आवळलं की पोटात ढवळायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे तिच्या मनात भीती बसली होती की मागची दोन या गाठीनंच गेली. हे बरोबर की चूक ते डॉक्टर जाणोत. भीती मात्र खरी होती.

मग तिनं सरळ सांगायचं नाही का? नाही सांगायचं. तिसरा भरल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, ही आपल्याकडची रीत. शिवाय मालन बदली होती. बदली म्हणजे कायम नसलेली कामगार. गेटवर यायचं, काम असेल तर घेतात, नाहीतर परत पाठवतात. महिनाअखेरीला चार बदल्यांना कायम करायचं घाटत होतं, त्यात तिचा नंबर होता. बदली बाई पोटुशी आहे असं कळलं की तिला पुन्हा आत बोलावणं यायचं नाही. कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं, पण गेटवर तसं चालायचं.

म्हणून आदल्या दिवशी ती मुकाट्यानं गोल पातळ नेसून आली. दादूनं तिला परत पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच आल्या, म्हणजे कुणाला गरज आहे ते कळायलाच नको.

यातलं एक अक्षरही मला त्या सकाळी ठाऊक नव्हतं.

खाली गेले तर बायका बंद मशीनच्या कडेनं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची पुढारी आक्काताई. वयानं पन्नाशीची, आवाज असा की मशीन चालू असतानाही पलीकडच्या खात्यात ऐकू जावा.

"आक्काताई, हे काय? कासोटा का नाही?"

"गरम हुतंय."

"डिसेंबरात?"

"गिरणीत कसला डिसेंबर, बाई?"

मी शेजारचीला विचारलं. ती म्हणाली, लुगडं धुवायला टाकलंय. तिच्या शेजारचीचं पण धुवायला. पुढच्या चौघींचीही.

"सगळ्यांनी एकाच दिवशी धुतली?"

"व्हय. पानी आलतं की."

कोपऱ्यात मालन तोंडाला पदर लावून बसली होती. तिला काल दादूनं घालवलं एवढं मला समजलं होतं. मला वाटलं, बिचारी अपमानानं रडतेय. मी जवळ जाऊन म्हटलं, "मालन, दादू तुला काही वाईट बोलला का?" तिनं मान हलवली. दादू मागून म्हणाला, "म्या काय बोल्लो? निस्तं जा म्हटलं." मी त्याला गप्प केलं आणि मनाशी नोंद केली की जॉबरची वागणूक हे मूळ कारण असावं. पदवीत आम्हाला शिकवलं होतं, दिसणाऱ्या कारणामागे खरं कारण शोधा. मी शोधलं, आणि ते साफ चुकीचं निघालं.

मॅनेजरसाहेब पुण्याचे. हिशेबाला पक्के, माणूस वाईट नव्हे, पण कोल्हापूरचं बोलणं त्यांना अजून भांडणच वाटायचं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उष्णता, धुणं, सगळ्या थापा आहेत. यामागे युनियन आहे. गणपतरावांना बोलवा."

गणपतराव आमच्या युनियनचे सेक्रेटरी. ते आले, पान सावरून बसले. साहेबांनी विचारलं, "बायकांचं हे तुमचंच ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कशाचाही पत्ता नव्हता, हे शपथेवर सांगते. पण गिरणीतल्या बायका आपल्याला न विचारता काम बंद करतात हे कबूल करणं युनियनच्या सेक्रेटरीला परवडणारं नव्हतं. ते म्हणाले, "व्हय. आमचंच हाय."

"मागणी काय?"

"मागणी..." त्यांनी पान दुसऱ्या गालात घेतलं. "मागणी अशी हाय की कंपनीच्या नियमापायी नेसायचं, तर कापड कंपनीनं द्यावं. वर्षाला दोन लुगडी."

बोलता बोलता त्यांना रंग चढला. साबण आला. मग चोळीची शिलाई आली. साहेबांच्या कपाळावरची शीर उठली. मी दोघांच्या मध्ये बसून ऐकत होते. म्हटलं, चला, कारण कळलं एकदाचं. धावत खाली गेले आणि बायकांना सांगितलं, "तुमची लुगड्यांची मागणी साहेबांच्या कानावर गेली आहे."

आक्काताई माझ्याकडे बघतच राहिली. "कुणाची मागणी?"

"तुमची."

"आमी कवा मागितलं लुगडं? आमच्या घरात काय लुगडी न्हाईत व्हय?"

"मग हवंय तरी काय तुम्हाला?"

"काय नगं. असं नेसून काम करू द्या म्हंजे झालं."

"पण का?"

"गरम हुतंय."

ज्यांची मागणी आहे त्यांना ती ठाऊक नाही, आणि जे मागताहेत त्यांना कशासाठी ते ठाऊक नाही. दादू दाराशी उभा राहून टोपीनं वारा घेत होता.

संध्याकाळच्या भोंग्याआधी साहेबांनी निकाल दिला. "त्यात चार बदल्या आहेत. उद्या कासोटा नसेल तर त्यांना गेटवरूनच परत पाठवा. पुन्हा बोलवायचं नाही. चार गेल्या की बाकीच्या आपोआप ताळ्यावर येतील. तुम्ही सांगा त्यांना."

हे काम माझ्याकडे का, तर मी वेल्फेअर ऑफिसर. कल्याण करणारी.

मी चौघींना बोलावून सांगितलं. तिघींनी आक्काताईकडे बघितलं. मालननं मात्र माझ्याकडे बघितलं.

"मला कायम व्हायचंय बाई," ती म्हणाली. "लई वाट बगितलीया. पर कासोटा न्हाई जमायचा."

"अगं पण का नाही जमायचा? मला सांगितल्याशिवाय मी काय करणार?"

तिचे ओठ हलले. आक्काताई मध्ये पडली. "बाई, तुमचं लगीन व्हायचं हाय अजून. तुमी नगा इचारू."

मला संताप आला. लग्नाचा काय संबंध? माझ्या लग्नावरून घरी येताजाता ऐकायला मिळतच होतं, आता गिरणीतही? मी ताडकन उठले आणि बस पकडली.

आमचं घर मंगळवार पेठेत. वडील शाळामास्तर, दादा बँकेत, घरात आई आणि वहिनी. आईचा स्वभाव कडक. वहिनीनं लग्नानंतर बिनबाह्यांचं ब्लाउज शिवलं तेव्हा आईनं तीन दिवस अबोला धरला होता. आणि त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी परकरावर दादाचा जुना ढगळ शर्ट घालून भाजी चिरत होती. आई शेजारी भाकरी थापत होती आणि काही म्हणत नव्हती.

गेले काही दिवस मी हा शर्ट बघत होते, पण बघून न बघितल्यासारखं. त्या दिवशी डोक्यात कपड्यांचाच गोंधळ होता म्हणून असेल, मी विचारलं.

"वहिनी, दादाचा शर्ट का ग? आणि आई, तुला हा चालतो?"

वहिनीनं आईकडे बघितलं. अगदी त्या तिघींनी आक्काताईकडे बघितलं होतं तसं.

आई भाकरी उलटत म्हणाली, "तुला काय करायचंय? लग्न व्हायचंय अजून तुझं. तू नको विचारूस."

मी पाटावर बसले. मग वहिनीकडे बघितलं. ती खाली मान घालून गालात हसत होती. परकराची नाडी तिनं कमरेला नाही, चांगली वर, छातीखाली बांधली होती.

"अय्या, वहिनी!"

"हळू!" आईनं उलथनं उगारलं. "तिसरा भरू दे. बाहेर बोललीस तर बघ."

मला इतका आनंद झाला की मी वहिनीला मिठीच मारली. आणि मिठी सोडायच्या आत आठवली ती मालन. तोंडाला लावलेला पदर, गरम होतंय, कासोटा नाही जमायचा. उद्या सकाळी या बाईला गेटवरून परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

सकाळी मी बायकांच्या आधी गेटवर जाऊन उभी राहिले. त्या आल्या, पुन्हा गोल पातळंच. वॉचमननं बदल्यांना अडवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "या चौघी माझ्या ऑफिसात चालल्यात. कामावर नाही." त्यानं हात मागे घेतला. मी मालनच्या बरोबरीनं चालत हळूच विचारलं, "कमरेला गाठ नको, एवढंच ना?"

ती जागच्या जागी थांबली. मागून आक्काताई आली. "तुमास्नी कुणी सांगटलं?"

"कुणी नाही. मी काही विचारलेलंही नाही."

आक्काताईनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग मालनला म्हणाली, "चल, बस त्यांच्या हापिसात. पंख्याखाली बस."

आता अडचण अशी की कारण मला कळलं होतं आणि ते सांगता येत नव्हतं. सांगितलं तर मालनची नोकरी गेली. नाही सांगितलं तरी जाणारच. मी जिना चढत होते तेव्हा समोरून एक फिटर घामानं निथळत खाली येत होता. अंगात बनियन. फिटर म्हणजे मशीन दुरुस्त करणारे. त्यांना कंपनीनं गुडघ्याखाली पोचणारे जाड खाकी कोट शिवून दिले होते, कपडे मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून. फिटरांनी उकाड्याच्या नावाखाली ते अंगाला लावले नाहीत. कोटांचा ढीग स्टोअरमध्ये पडून होता. मला वहिनीच्या अंगावरचा ढगळ शर्ट आठवला.

साहेबांच्या केबिनमध्ये गणपतराव आधीच बसले होते. मागणी आता लुगडी, साबण, शिलाई, वर चपलांपर्यंत गेली होती. मी म्हटलं, "साहेब, लुगड्यांऐवजी फिटरांचे कोट देऊया. वरून बटणं लावली की पदर, निऱ्या सगळं आत. दांड्यात अडकायला काही बाहेर राहत नाही. मग आत कासोटा असो नाहीतर गोल पातळ. नवा खर्च नाही."

नवा खर्च नाही म्हटल्यावर साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग पुन्हा आवळला.

"थांबा. मूळ तक्रार काय आहे त्यांची?"

"गरम होतंय."

"गरम होतंय."

"हो साहेब."

"म्हणून कोट?"

"हो साहेब."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फिटर म्हणतात गरम होतं म्हणून कोट नको. या म्हणतात गरम होतं म्हणून कोट हवा. मी या गावात आल्यापासून मला काहीही कळलेलं नाही."

गणपतराव तेवढ्यात हुशारीनं म्हणाले, "आमाला मान्य हाय. कोट चालतील." दोन लुगड्यांचा कोट झाला तरी तो मिळवला आपणच, एवढं त्यांना पुरे होतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, आता खरं सांगा. भानगड काय हाय?"

"मला काय ठाऊक? मागणी तुमची आहे."

दादूनं आपली खात्री करून घेतली. आक्काताईला कोट घालून बंद मशीनपाशी उभं केलं, वाकवलं, दांड्याच्या बाजूनं चालवलं, पदर ओढून बघितला. धिप्पाड फिटरच्या मापाचा कोट, बाह्या बोटांच्याही पुढे. बायका हसून हसून पडल्या. "पोस्टमन झालीया की आक्का!" दादू म्हणाला, "बाह्या दुमडा. बटणं पुरी लावा. चालतंय." आणि मशीन सुरू केलं.

मालननं कोटाच्या आत पातळ कसं नेसायचं ते मी तिला दाखवलं, म्हणजे वहिनीची युक्ती दाखवली. परकराची नाडी वर, छातीखाली, बोट जाईल इतकी सैल. लग्न न झालेली मुलगी हे दाखवतेय म्हणून दोघी तिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मालन हसली नाही. तिनं नाडी बांधली, दोन्ही हात कमरेवर ठेवून एक लांब श्वास सोडला आणि माझा हात घट्ट धरला. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी स्टोअरची पावती शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले.

महिनाअखेरीला चौघी कायम झाल्या. मालनचा तिसरा भरला. चौथाही भरला. बाकीच्या बायकांनी हळूहळू पुन्हा कासोटे घालायला सुरुवात केली, पण वरून कोट कुणी सोडला नाही. एकीनं सोडला असता तर मालन एकटी पडली असती. सहाव्यात दादू मला म्हणाला, "मालन कायम झाल्यापासनं अंगानं भरली. मानसाला काळजी नसली की असं हुतंय." मी म्हटलं, "हो ना."

मग तिनं बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे कधी झालं?" मी म्हटलं, "साहेब, आम्हालाही आत्ताच कळतंय." मुलगी झाली. मालननं गिरणीत पेढे वाटले, पहिला दादूला. आमच्या घरी त्याच सुमाराला भाचा झाला. गणपतराव पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक सभेत कोटाच्या लढ्याविषयी बोलायचे आणि बायका टाळ्या वाजवायच्या.

नव्यानं लागलेल्या वेल्फेअर ऑफिसर मुली मला कधी कधी विचारतात, कामगार खोटं कारण सांगत असेल तर काय करायचं. मी सांगते, कारण खोटं असलं तरी तक्रार खरी असू शकते. आधी तक्रार मिटवा, कारण नंतर आपोआप चालत येतं. काही वेळा तर पेढे घेऊन येतं.

माझं लग्न त्यानंतर काही वर्षांनी झालं. एका मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, मी स्टोअरमधून एक खाकी कोट मागवून घेतला आणि साडीवर घालून ऑफिसात बसले. मी अजून आईलासुद्धा काही सांगितलं नव्हतं. दुपारी दादू कामासाठी आला आणि दारातच थबकला.

"बाई, मे महिना हाय. कोट?"

मी उत्तर शोधत होते. एवढ्यात त्याच्या मागून आक्काताईचा आवाज आला. ती कशाला वर आली होती कोण जाणे.

"त्यास्नी गार लागतंय."

दादूनं माझ्याकडे काळजीनं बघितलं. मग पुढे येऊन त्यानं माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला. मी कोटाचं वरचं बटण लावलं. तिसरा भरायचा होता.